भर शर्यतीत व्हील मरतं, आणि तेही संध्याकाळीच

डिचोलीकर | ४ मे, रात्री ११:४२

नमस्कार मंडळी. इतके दिवस वाचनमात्र होतो, आज नाइलाजाने धागा काढतोय. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

सामान असं: लॉजिटेक जी२९, म्हणजे पीसीवर गाड्यांच्या शर्यती खेळायचं स्टिअरिंग व्हील, तीन वर्षं वापरात. घरीच जोडलेला पीसी, रायझेन ५, १६ जीबी रॅम, २४ इंची मॉनिटर. शर्यतीचा गेम असेट्टो कोर्सा, कंटेंट मॅनेजर या वेगळ्या प्रोग्रॅममधून सुरू करतो. रिग म्हणजे गावातल्या वेल्डरकडून चौकोनी पाइपांची करून घेतलेली लोखंडी चौकट, तिच्यावर भंगारातून आणलेली ओम्नीची सीट. दिसायला भयंकर, पण हलत नाही.

दुखणं असं: भर शर्यतीत व्हील सुटतं. विंडोजचा तो 'टुंडुम' आवाज येतो, हातातलं व्हील एकदम सैल पडतं, आणि दोन सेकंदांनी जागं होऊन कॅलिब्रेशनसाठी आपलं आपण दोन्हीकडे पूर्ण फेरे घेतं. काल मोन्झाला, म्हणजे इटलीतल्या ट्रॅकवर, लेस्मो वळणातून बाहेर पडून अस्कारी वळणाकडे चाललो होतो, पाचवा गिअर, आणि हेच झालं. गाडी भिंतीत गेली ते जाऊ दे, माझा अंगठा आऱ्यात सापडला. अजून सुजलेला आहे. व्हील परत येतं, पण गेम त्याला ओळखत नाही. सेशन सोडून पुन्हा यावं लागतं, म्हणजे शर्यत संपलीच.

आम्ही पाच-सहा जण रोज पावणेसातच्या सुमाराला सर्व्हरवर जमतो. नेमकं तेव्हाच होतं. रात्री दहानंतर एकटा दोन-दोन तास चालवतो, एकदाही झालं नाही. मार्चच्या मध्यापासून हे सुरू आहे.

करून झालेलं: ड्रायव्हर काढून पुन्हा घातला, विंडोज नव्याने टाकली, मागच्या-पुढच्या सगळ्या यूएसबी पोर्टांना लावून पाहिलं, मित्राच्या पीसीवर लावून पाहिलं. त्याच्याकडे तीन दिवस ठणठणीत चाललं. म्हणजे दोष व्हीलचा नाही.

तिसरा_गिअर | ४ मे, रात्री ११:५८

'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' बंद केलंस का? कंट्रोल पॅनल, पॉवर ऑप्शन्स, प्लॅन सेटिंग्ज, अ‍ॅडव्हान्स्ड. शिवाय डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रत्येक यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्यावं अशा अर्थाची टिक असते, ती काढ. दहापैकी आठ वेळा एवढ्यावर भागतं.

डिचोलीकर | ५ मे, सकाळी ७:१०

दोन्ही करून झालंय, लिहायचं राहिलं. उरलेल्या दोघांत मी आहे असं दिसतं.

चिकणमाती | ५ मे, सकाळी ९:३३

गोव्यात राहतोस आणि विचारतोस काय झालं! हवा, दुसरं काय. मी शिरोड्याला, नदीच्या अंगाला. माझ्या आधीच्या व्हीलच्या पेडल किती दबलं ते मोजणारे पोटेन्शिओमीटर दोन पावसाळ्यांत गेले. ब्रेकवर पायही ठेवलेला नसायचा आणि पडद्यावर लाल पट्टी उड्या मारायची. गाडी सरळ रस्त्यावर आपली आपण उचक्या देत थांबायची, मागचे पोरगे शिव्या घालायचे. शेवटी पेडल उघडलं, आत बुरशीसारखा पांढुरका थर. कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, पेडल पन्नासेक वेळा पुढे-मागे केलं, सहा महिने सुखाने गेले.

तू पेडलचा तो नऊ पिनांचा कनेक्टर काढून बघ. पिना काळ्या पडल्या असतील. पिशवीभर सिलिका जेल टाक रिगखाली.

तिसरा_गिअर | ५ मे, सकाळी ९:५०

पेडलचा कनेक्टर खराब असेल तर पेडल जाईल, अख्खं व्हील यूएसबीवरून का सुटेल?

चिकणमाती | ५ मे, सकाळी ९:५४

बरोबर. पण सिलिका जेल टाकच.

फुल्ल_थ्रॉटल_म्हापसा | ५ मे, दुपारी १:१५

भावा, त्या गिअरवाल्या खेळण्यात अजून किती दिवस रमणार? डायरेक्ट ड्राइव्ह घे. फॅनाटेकचा सीएसएल डीडी बेस, म्हणजे व्हीलमागचा मोटरचा डबा, २०२१ सालीच आला, साध्या अ‍ॅडॅप्टरवर ५ न्यूटन-मीटर, बूस्ट किट लावलं की ८. तुझं व्हील जेमतेम दोन-सव्वादोन. मोटरच थेट दांड्याला, मध्ये ना गिअर ना पट्टा. मी मागच्या चवथीला घेतला, आता माघारी बघवत नाही.

डिचोलीकर | ५ मे, दुपारी १:४०

पात्रांव, पैसे तू पाठव, पत्ता मी देतो.

वायंगण | ५ मे, दुपारी ३:०५

मला एक कळत नाही, सगळे उपाय सांगतायत पण 'संध्याकाळीच' या शब्दाकडे कोणी बघत नाही. धागाकर्त्याने स्वतः शीर्षकात लिहिलंय.

डिचोलीकर, वही घ्या. प्रत्येक वेळी व्हील सुटलं की घड्याळातली वेळ मिनिटासकट लिहा. कुठला ट्रॅक, कुठली गाडी, ते नको. फक्त वेळ. आठवडाभर बाकी काहीही बदलू नका, सिलिका जेलसुद्धा नको.

चिकणमाती | ५ मे, दुपारी ३:२०

जेलवर एवढा राग का ताई?

डिचोलीकर | १० मे, रात्री ९:२२

वहीतलं जसंच्या तसं उतरवतोय.

५ मे: ७:०४ आणि ७:२६
६ मे: ६:५१ आणि ७:१२
७ मे: काही नाही, पूर्ण शर्यत झाली, चौथा आलो
८ मे: ७:१५ आणि ७:३९
९ मे: ७:०२ (नंतर कंटाळून बंदच केला)
१० मे: ६:५८ आणि ७:२०

यातून मला तरी काही कळलं नाही.

वायंगण | १० मे, रात्री ९:४१

मला कळलं. जोड्या आहेत. दर वेळी साधारण वीस-बावीस मिनिटांचं अंतर. घरातलं काहीतरी एकदा चालू होतंय आणि वीसेक मिनिटांनी बंद होतंय. ७ तारखेला ते चाललं नाही. काय ते तुम्हीच शोधा. त्या दिवशी घरी कोण होतं?

डिचोलीकर | १० मे, रात्री ९:५५

देवा रे.

पंप. बांयवरचा, म्हणजे विहिरीवरचा, पंप. आई रोज तिन्हीसांजेच्या सुमाराला टाकी भरायला लावते, भरली की बंद करते. ७ तारखेला आई-बाबा मामाकडे लग्नाला गेले होते.

आत्ता जाऊन करून पाहिलं. पीसी चालू, गेम चालू, गाडी पिटमध्ये उभी. बाहेर जाऊन पंपाचा स्विच दाबला, खिडकीतूनच ऐकू आलं: टुंडुम. बंद केला: टुंडुम. आई विचारते, रात्री दहा वाजता कुणाची झाडं शिंपतोस.

तिसरा_गिअर | १० मे, रात्री ९:५८

ताईंना दंडवत. लोळलो.

वायंगण | १० मे, रात्री १०:०६

दंडवत नको, अजून अर्धंच झालंय. पंप सगळ्यांच्या घरी असतात, सगळ्यांची व्हीलं सुटत नाहीत.

वायरमन_फोंडा | ११ मे, सकाळी ६:३०

वाचत होतो, आता बोलायला हवं. वायंगण बाईंचं म्हणणं योग्य आहे. पंप हे निमित्त. सिंगल फेज मोटर सुरू होताना नेहमीच्या करंटच्या पाच-सहा पट ओढते, स्विच तोडताना उसळी येते. हा गोंधळ लाइनवर यायचाच. तो पीसीत शिरू नये म्हणून पीसीच्या पॉवर सप्लायमध्ये फिल्टर असतो, आणि तो फिल्टर सगळा कचरा अर्थमध्ये सोडतो. अर्थ असेल तर.

डिचोलीकर, दोन प्रश्न. खरी उत्तरं द्या.
एक, अनवाणी पायांनी त्या लोखंडी चौकटीला हात लावला तर मुंग्या येतात?
दोन, घराचं अर्थिंग कुठे आहे आणि कधी केलेलं?

डिचोलीकर | ११ मे, सकाळी ८:१२

काका, मुंग्या येतात. मला वाटायचं स्टॅटिक. म्हणून मी रबरी चपला घालून चालवतो, आणि मित्रांना सांगतो की चपलेने पेडल जास्त कळतं.

अर्थिंग बाबांना विचारलं. घर बांधलं तेव्हाचं, म्हणजे माझ्या जन्माआधीचं. न्हाणीमागे माडाच्या बुंध्याशी पाइप पुरलेला आहे.

वायरमन_फोंडा | ११ मे, सकाळी ८:४०

मल्टीमीटर आहे का? असेल तर पीसीच्याच बोर्डावरच्या रिकाम्या तीन पिनी सॉकेटमध्ये, पीसी चालू ठेवून, तीन मापं घ्या. मीटर एसी ७५० किंवा ६०० व्होल्टवर. फेज ते न्यूट्रल, फेज ते अर्थ, न्यूट्रल ते अर्थ. हात कोरडे, पायात चप्पल, आणि प्रोबच्या धातूला बोट लावायचं नाही. सवय नसेल तर हात घालू नका, वायरमन बोलवा.

डिचोलीकर | ११ मे, संध्याकाळी ६:०५

शेजारच्या दादाचा मीटर, आणि मापं त्यानेच घेतली, तो आयटीआयवाला आहे.

फेज-न्यूट्रल: २२६
फेज-अर्थ: १२१
न्यूट्रल-अर्थ: १०४

दादा म्हणाला, हे काय विचित्र. मीटरची बॅटरी बदलून पुन्हा मोजलं, तेच.

फुल्ल_थ्रॉटल_म्हापसा | ११ मे, संध्याकाळी ६:३०

सोपं आहे. सॉकेटमध्येच न्यूट्रलची आणि अर्थची पिन वायरीने जोडून टाक. न्यूट्रल-अर्थ शून्य होईल. आमच्याकडे एकाने तसंच केलंय, मस्त चालतंय.

वायरमन_फोंडा | ११ मे, संध्याकाळी ६:३४

नाही! कुणीही हे करू नका. संपादकांना विनंती, वरचा प्रतिसाद दिसूच द्यायचा असेल तर खाली माझा हा ठळक ठेवा.

कारण सांगतो. उद्या तुमच्या घराकडे येणारी न्यूट्रल वायर खांबावर तुटली, आणि पावसाळ्यात माडाची झावळी पडून ती तुटतेच, तर घरातल्या चालू उपकरणांतून फेज त्या न्यूट्रलवर येतो, तिथून तुमच्या त्या तुकड्यातून अर्थवर, आणि अर्थवरून फ्रिजच्या दारावर, वॉशिंग मशिनवर, त्या ओम्नीच्या सीटवर. पूर्ण २३० व्होल्ट. मीटरवर शून्य दिसतं म्हणून माणूस निश्चिंत राहतो, आणि हेच वाईट.

फुल्ल_थ्रॉटल_म्हापसा | ११ मे, संध्याकाळी ६:५०

सॉरी काका. मला वाटलं चालत असेल.

वायरमन_फोंडा | ११ मे, संध्याकाळी ७:१५

आता डिचोलीकरांचं माप. १२१ आणि १०४, बेरीज २२५. जवळजवळ अर्धं-अर्धं. मघा म्हटलं त्या फिल्टरमध्ये दोन चिमुकले कपॅसिटर असतात, एक फेजपासून अर्थला, एक न्यूट्रलपासून अर्थला. अर्थ जमिनीला भिडलेला असला तर मधला बिंदू शून्यावर बसतो. तो लटकता असला तर तराजूच्या काट्यासारखा मध्येच अडकतो, म्हणजे निम्म्या व्होल्टवर. तेच निम्मे व्होल्ट कॅबिनेटवर, यूएसबीच्या धातूच्या आवरणावर, तिथून व्हीलवर आणि तुमच्या चौकटीवर. करंट अगदी थोडा म्हणून मुंग्यांवर निभावतं. पण पंप लागला की हा बिंदू उडी मारतो, यूएसबीचं गणित चुकतं आणि विंडोज म्हणते उपकरण गेलं.

तुमच्या घराला अर्थिंग नाही. पाइप असेल, अर्थिंग नाही. एक विचारू? त्या न्हाणीचं गेल्या दोन वर्षांत काही काम केलंत?

डिचोलीकर | ११ मे, रात्री ८:०२

काका, तुम्ही आमच्या घरी येऊन गेलात का कधी? गेल्या वर्षी दिवाळीनंतर न्हाणी मोडून टाइल्सचं बाथरूम केलं. आधी आंघोळीचं पाणी सरळ मागे माडाला जायचं, आता पाइपाने पलीकडच्या शोषखड्ड्यात जातं.

वायरमन_फोंडा | ११ मे, रात्री ८:२०

येऊन गेलो नाही, पण अशी पन्नास घरं बघितलीत. जुन्या लोकांनी अर्थिंग न्हाणीमागे का केलं? तिथली माती बारा महिने ओली. आपली जमीन चिऱ्याची, म्हणजे जांभ्याची. पावसात स्पंज, मार्च उजाडला की खडखडीत. कोरड्या चिऱ्यातून करंट जात नाही. रोज चार माणसांच्या आंघोळीचं पाणी त्या पाइपाला मिळत होतं तोवर चाललं. पाणी वळवलंत, पावसाळ्याची ओल हिवाळाभर पुरली, मार्चमध्ये संपली. तुमचं व्हील मार्चच्या मध्यापासूनच सुटतंय ना?

चिकणमाती | ११ मे, रात्री ८:३१

म्हणजे मी म्हणत होतो हवा दमट आहे म्हणून, आणि दुखणं निघालं जमीन कोरडी आहे म्हणून. वाचनखूण साठवली.

डिचोलीकर | १९ मे, रात्री १०:४७

उशीर झाला, माफी. परवानाधारक इलेक्ट्रिशियन मिळेपर्यंत चार दिवस गेले. सविस्तर लिहितो, कारण गोष्ट व्हीलपुरती राहिली नाही.

माडाच्या बुंध्याशी खणलं. पाइप सापडला, त्याच्या डोक्यावरचा क्लॅम्प हातात घेतला आणि त्याचा चक्क भुगा झाला. गंजून नुसता आकार उरला होता. बाबा बराच वेळ तो भुगा तळहातावर घेऊन उभे होते. नवा खड्डा काढला, नवा जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप, भोवती कोळसा आणि मिठाचे थर, वर पाणी ओतायला नरसाळं आणि झाकण. अंगणातल्या वॉश बेसिनचं पाणीही तिकडेच वळवलं.

मग त्याने मेन बोर्डात ३० मिलिअ‍ॅम्पिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की आपोआप वीज तोडणारा स्विच, बसवली. वर केली, पडली. पुन्हा वर केली, पडली. एकेक एमसीबी (प्रत्येक लाइनचा वेगळा स्विच) बंद करत गेला, गीझरची बंद केल्यावर थांबली. गीझरचं एलिमेंट गळत होतं. इतके दिवस ती गळती जायला जागाच नव्हती.

तेव्हा आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "बाथरूमातला नळ मधूनमधून चावायचा. मला वाटलं माझ्याच हातांना काहीतरी झालंय." दोन महिने तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. मी मात्र रबरी चपला घालून मोन्झा चालवत होतो.

आजची मापं: २२९, २२८, दीड. पंप दहा वेळा चालू-बंद केला. व्हील जागेवर.

वायरमन_फोंडा | २० मे, सकाळी ६:२०

छान झालं. गीझर बदलेपर्यंत त्या एमसीबीला टेप लावून ठेवा, कोणी चुकून वर करायला नको. उन्हाळ्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी नरसाळ्यात.

वायंगण | २० मे, सकाळी ९:००

आईंना माझा नमस्कार सांगा.

डिचोलीकर | २४ मे, रात्री ११:१५

धागा याच नावाने पुढे चालवतो, नवा काढायचा आळस. व्हील सुटायचं थांबलं आणि नवीच अडचण उघडी पडली. मी हळू आहे. इतके दिवस सबब होती, आता नाही. मोन्झाला जीटी३ वर्गातल्या शर्यतीच्या गाडीत माझी सर्वोत्तम लॅप १:५६, बाकीचे पाचजण १:५०च्या आत. सरळ रस्त्यावर बरोबरीने असतो, पहिल्या शिकेनला, म्हणजे लागोपाठच्या उलटसुलट वळणांना, हरवतो. एक तर लवकर ब्रेक लावतो नाहीतर सरळ आत घुसतो.

तिसरा_गिअर | २४ मे, रात्री ११:३०

पेडलवालं अ‍ॅप पडद्यावर ठेव. चार पट्ट्या असतात. चौथी राखाडी पट्टी म्हणजे फोर्स फीडबॅक, व्हील हाताला देतं तो जोर. वळणात ती लाल होते का?

डिचोलीकर | २४ मे, रात्री ११:४९

जवळजवळ सतत लाल. गेन, म्हणजे त्या जोराची पातळी, १०० वर आहे, जास्तीत जास्त कळावं म्हणून.

तिसरा_गिअर | २५ मे, रात्री १२:१०

उलटं होतंय तुझं. जत्रेतल्या नाटकाचा जुना कर्णा आठव. आवाज पूर्ण वर नेला की राजा आणि प्रधान दोघेही सारखेच खरखरतात, कोण रागावलंय, कोण रडतंय काही कळत नाही. तेच इथे. गेम व्हीलला सांगतो १३० टक्के जोर दे, व्हीलजवळ १००च आहे. १०५ असो की १४०, तुझ्या हाताला सारखंच लागतं. पुढचे टायर पकड सोडायला लागले की व्हील किंचित हलकं व्हायला हवं, ती सगळी खबर त्या लाल पट्टीत मेली. गेन उतरव, वळणाच्या कडेच्या कर्बवर आदळलास तरच क्षणभर लाल दिसेल इतका. हात आधी म्हणतील जोर गेला. दोन दिवस थांब.

आणि व्ही-सिंक (चित्र पडद्याच्या वेगाला बांधून ठेवणारं सेटिंग) चालू असेल तर बंद कर. असेट्टो कोर्साचं फिजिक्स सेकंदाला ३३३ वेळा हिशेब करतं, आणि तू पडद्यासाठी ते शिळं करून बघतोस.

वायंगण | २५ मे, सकाळी १०:२५

फील्ड ऑफ व्ह्यू, म्हणजे पडद्यात किती अंशांचं जग दिसतं, ते किती? आणि डोळ्यांपासून मॉनिटर किती लांब? फूटपट्टीने मोजा, अंदाजे नको.

डिचोलीकर | २५ मे, दुपारी १२:५०

५६. अंतर ९० सेंटिमीटर, मॉनिटर मागच्या टेबलावर आहे.

वायंगण | २५ मे, दुपारी १:३०

म्हणून ब्रेकची जागा सापडत नाही. २४ इंची मॉनिटरची उंची साधारण ३० सेंटिमीटर. ९० सेंटिमीटरवरून ती खिडकी तुमच्या डोळ्यात जेमतेम १९ अंशांचा कोन करते, आणि तुम्ही तिच्यात ५६ अंशांचं जग कोंबलंय. दुर्बिणीच्या उलट्या टोकातून बघितल्यासारखं. सगळं दूर आणि लहान दिसतं, आणि शेवटच्या पन्नास मीटरमध्ये वळण एकदम अंगावर येतं.

१९ वर नेलंत तर आरसेही दिसणार नाहीत. म्हणून आधी मॉनिटर पुढे आणा. व्हीलच्या लगेच मागे, ५५ सेंटिमीटरवर आला तर कोन ३० अंश. तिथून सुरुवात करा, हवं तर ३५. असेट्टो कोर्सात हा कोन उभा मोजतात, आयरेसिंग या दुसऱ्या गेममध्ये आडवा, त्यामुळे दुसऱ्यांचे आकडे उचलू नका. पहिले दोन दिवस गाडी बैलगाडीसारखी वाटेल. वाटू दे.

चिकणमाती | २५ मे, दुपारी २:००

आणि ब्रेक. तुमच्या पेडलमध्ये पाय किती खाली गेला ते मोजतात, किती जोराने दाबला ते नाही. शेवटी रबराचा ठोकळा आहे, तो पूर्ण दाबायला मांडी लागते. नीट दाबून बघ, पट्टी वरपर्यंत जाते का. नसेल तर कॅलिब्रेशनमध्ये कमाल थोडी खाली आण.

पण दाबण्यापेक्षा सोडणं महत्त्वाचं. जीटी३ला चाकं जाम होऊ न देणारं एबीएस आहे, सरळ असताना बिनधास्त पूर्ण दाब. मात्र वळायला लागलास की एकदम पाय उचलू नकोस. व्हील जेवढं फिरतंय तेवढा ब्रेक सुटत गेला पाहिजे. अनमोड घाटात भरलेला ट्रक खाली आणणारा ड्रायव्हर बघ, वळणाच्या आधी दाब, वळणात हळूहळू मोकळा. नाक खाली दबलेलं असतं तोवर पुढचे टायर वळवतात. तू पाय उचलतोस, नाक वर येतं, गाडी सरळ जाते, तू म्हणतोस ग्रिप नाही.

हे आधी अबार्थ ५०० ही छोटी गाडी घेऊन मजोने ट्रॅकवर शीक. हळू गाडीत चूक दिसते. जीटी३मध्ये एअरो (गाडी दाबून धरणारी हवा) आणि एबीएस मिळून चुका झाकतात.

फुल्ल_थ्रॉटल_म्हापसा | २५ मे, दुपारी २:४०

अवांतर: आपलं बुद्ध सर्किट कोणी चालवतं का? ५.१२५ किलोमीटर, मागचा सरळ रस्ता किलोमीटरच्या वर. २०११ ते २०१३ फॉर्म्युला वन आली, तिन्ही वेळा व्हेटेल जिंकला आणि मग बंदच.

तिसरा_गिअर | २५ मे, दुपारी २:५५

मॉड मिळतात, पण दर्जा बघून घे. एकात तर पिट लेनमधून बाहेर पडलं की गाडी रस्त्याखाली जाते.

डिचोलीकर | ३ जून, रात्री ९:३५

अबार्थमध्ये आठवडा काढला. वैताग आला, पण चिकणमाती म्हणतात ते पायाला कळलं. गेन ६२ वर आहे, फील्ड ऑफ व्ह्यू ३२. पहिल्यांदा मोन्झा उघडला तेव्हा वळणाआधीची १५० मीटरची पाटी इतकी मोठी दिसली की हसूच आलं, हिच्याजवळून मी रोज जात होतो.

आजची लॅप १:५१.४. पॅराबोलिकात, म्हणजे मोन्झाच्या शेवटच्या वळणात, २०२१पासून ज्याला अल्बोरेटो या ड्रायव्हरचं नाव आहे तिथे, व्हील किंचित हलकं झालेलं लागलं, थोडं सोडलं, गाडी स्वतःहून आत आली. आणि त्याच क्षणी मागे पंप लागल्याचा आवाज आला. मी इतका दचकलो की पुढच्या शिकेनला वाळूत गेलो. व्हीलला काही झालं नव्हतं.

पाऊसही आजच आला. नरसाळ्यात पाणी ओतायचं काम संपलं.

चिकणमाती | ३ जून, रात्री ९:४८

आता तरी सिलिका जेल टाक.

फुल्ल_थ्रॉटल_म्हापसा | ३ जून, रात्री १०:२०

वायरमनकाका, जरा बघा. सहज म्हणून आज आमच्याकडे मोजलं. न्यूट्रल-अर्थ ९७ आलं. माझा बेस तर नवीन आहे. काही जोडलेलं नाही, आईशपथ.

वायरमन_फोंडा | ३ जून, रात्री १०:२२

घरात गीझर आहे?